वास्तुशांतीपूर्वींचा धूर

नव्या घराची वास्तुशांति असते. दिवाणखान्याच्या मध्यभागीं होमकुंड मांडलेलें असतें. समिधा पेटतात, तुपाची आहुति पडते आणि पाहतां पाहतां सारी खोली धुरानें भरून जाते. वडील मंडळी डोळे पुसतात, कोणीतरी खिडक्या उघडतें, आणि घटकाभरांत तो धूर निघून जातो. त्या घराच्या नांवानें निघालेला पहिला धूर हाच, अशी जमलेल्या सर्वांची समजूत असते. पण ती खरी नसते. त्या घराच्या नांवें याहून कितीतरी मोठा धूर वर्ष-दोन वर्षांपूर्वींच आकाशांत जाऊन मिसळलेला असतो. तो निघाला एखाद्या सिमेंटच्या कारखान्यांत, पोलादाच्या झोतभट्टींत, विटांच्या भट्टींत. घरापासून कदाचित् शेंकडों मैलांवर. म्हणूनच तो घरांतील कोणाच्याही डोळ्यांत गेला नाहीं. आणि खिडक्या उघडल्यानें जाणाराही तो नव्हे.

या धुराचा मुख्य घटक म्हणजे कर्बद्विप्राणिद. आज सर्वत्र ज्याला कार्बन डाय-ऑक्साइड म्हणतात तोच हा वायु. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. यंत्रयुगाच्या पूर्वीं हवेच्या दहा लाख भागांत याचे सुमारें २८० भाग असत; आज ते ४२० च्या वर गेले आहेत. पृथ्वीवरून बाहेर पडूं पाहणारी उष्णता अडवून धरणें हा त्याचा धर्म, आणि म्हणूनच त्याचें प्रमाण वाढतें तशी पृथ्वी तापते. एकदां हवेंत गेलेल्या या वायूचा मोठा अंश शतकानुशतकें तेथेंच राहतो. अर्थात् घर बांधतांना किती वायु हवेंत गेला, हा प्रश्न घर बांधणाऱ्याचा जितका आहे, तितकाच त्या घरांत पुढें जन्म घेणाऱ्या नातवंडांचाही आहे.

हा वायु साधारण किती असतो, याचा अंदाज कोणत्याही गृहस्थास कागद-पेन्सिल घेऊन करतां येईल. कंत्राटदारांचा एक ठोकताळा आहे. काँक्रीटच्या सांगाड्याची इमारत उभी करावयाची, तर बांधकामाच्या दर चौरस फुटामागें सुमारें ०.४ पोतें सिमेंट आणि सुमारें ४ किलो पोलादी सळई लागते. एका कुटुंबाच्या वांट्यास ८०० चौरस फुटांचें बांधकाम येतें असें धरलें, तर सिमेंटचीं ३२० पोतीं, म्हणजे १६ टन सिमेंट झालें. आणि सळई झाली ३,२०० किलो. साधें पोर्टलंड सिमेंट एक टन तयार करतांना सुमारें ८०० किलो कर्बवायु सुटतो, आणि झोतभट्टींतील एक टन पोलादामागें सुमारें दोन टन. या हिशोबानें सिमेंटचे जवळजवळ १३ टन आणि पोलादाचे सहा टनांहून अधिक, मिळून सुमारें १९ टन वायु त्या एका बिऱ्हाडाच्या नांवावर चढला. विटा, फरशा, खिडक्यांचें अ‍ॅल्युमिनियम आणि मालाची वाहतूक यांची यांत गणनाच केलेली नाहीं.

१९ टन हा आंकडा मोठा कीं लहान? दरमहा १०० युनिट वीज वापरणाऱ्या कुटुंबाचें उदाहरण घेऊं. भारतांतील वीज अद्याप मुख्यतः कोळशावर निघत असल्यामुळें दर युनिटामागें सुमारें ०.७ किलो कर्बवायु हवेंत जातो. त्या कुटुंबाच्या वर्षभराच्या विजेचा हिशोब यावरून ८४० किलो होतो. म्हणजे नव्या घरांत पहिला दिवा लागण्यापूर्वींच बावीस वर्षांहून अधिक काळच्या विजेइतका वायु खर्चीं पडलेला असतो. घरांतील दिवे मालवून, पंखे बंद करून काटकसर करणें चांगलेंच. परंतु ज्या घरांत ही काटकसर चालते, त्याच्या भिंतींनीं आणि स्लॅबांनीं आधींच केलेला खर्च कोणी विचारांत घेत नाहीं. विजेची उधळपट्टी उद्यां थांबवितां येते. ओतून झालेल्या काँक्रीटचा खर्च मात्र परत फिरवितां येत नाहीं.

सिमेंटमधून एवढा वायु कां निघावा, हें समजण्यासाठीं त्याच्या आधीं चुन्याची ओळख करून घ्यावी लागते. मुंबईंतील चुनाभट्टी या भागाच्या नांवांत त्या जुन्या धंद्याची खूण अद्याप राहिली आहे. भट्टींत चुनखडीचे दगड आणि जळण यांचे थर रचून आंच लावीत. तापलेल्या चुनखडींतून कर्बवायु सुटे आणि मागें कळीचा चुना राही. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली असतां ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो वायु उडून जातो. हा वायु जळणाचा नव्हे, खुद्द दगडाच्या पोटांतला होय. कोळशाचा कणही न जाळतां केवळ सूर्याच्या उष्णतेवर भट्टी चालविली, तरी तो सुटणारच. भिंतीला दिलेला चुना मात्र हवेंतील तोच वायु पुन्हां शोषून घट्ट होतो. चुन्याचा हात दिल्यावर भिंतीवर जो कठीण पांढरा थर जमतो, ती पुन्हां जन्मलेली चुनखडीच असते. दगडानें दिलेलें कांहीं अंशीं दगडानेंच परत घ्यावें, असा तो व्यवहार होता.

सिमेंटची गोष्ट याहून कठीण. १८२४ सालीं इंग्लंडांतील लीड्स येथील जोसेफ अ‍ॅस्पडिन या गवंड्यानें एका नव्या पुडीचें पेटंट घेतलें. ती कठीण झाल्यावर पोर्टलंड येथील इमारती दगडासारखी दिसते, म्हणून तिला त्यानें पोर्टलंड सिमेंट असें नांव दिलें. पुढें तिच्यांत पुष्कळ सुधारणा झाल्या. आजच्या पद्धतींत चुनखडी आणि माती दळून फिरत्या भट्टींत सुमारें १४५० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवितात. त्यांतून क्लिंकर नांवाचे करड्या रंगाचे खडे निघतात. त्यांत थोडें जिप्सम घालून दळलें कीं सिमेंट तयार होतें. सुटणाऱ्या वायूपैकीं साधारण तीन पंचमांश चुनखडींतून येतो आणि उरलेला जळणांतून. जगांत मनुष्याच्या उद्योगामुळें जेवढा कर्बवायु हवेंत जातो, त्याचा सात-आठ टक्के भाग एकट्या सिमेंटचा आहे. सिमेंट तयार करण्यांत चीनच्या खालोखाल भारताचा क्रमांक लागतो. आणि महाराष्ट्रांत चुनखडी व कोळसा यांचा शेजार लाभल्यामुळें चंद्रपूर जिल्ह्यांत या धंद्याचे मोठे कारखाने उभे राहिले आहेत.

यावर पहिला उपाय असा कीं, क्लिंकर शक्य तितकें कमी वापरावें. हा उपाय नवा वाटला तरी त्याचें मूळ फार जुनें आहे. इटलींतील पोझुओली या गांवानजीकची ज्वालामुखीची राख चुन्यांत मिसळली असतां तो पाण्याखालींही घट्ट होतो, हें रोमन लोकांस ठाऊक होतें. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत रोम येथें पुरें झालेलें पँथिऑन हें देवालय अशाच काँक्रीटचें आहे. त्याचा सुमारें ४३ मीटर व्यासाचा घुमट सळईचा आधार नसतांही आजतागायत उभा आहे. भारतांत हेंच काम सुरखीनें, म्हणजे भाजलेल्या विटांच्या भुकटीनें होई. बैलाच्या घाणींत चुना आणि वाळू यांच्यासह ती मळून दर्जा तयार करीत. १९५३ सालीं पुरें झालेलें तुंगभद्रेचें प्रचंड धरणही सुरखीच्याच दर्जांत बांधलें गेलें. सुरखीचा किंवा राखेचा गुण हा कीं, तिच्यांतील सिलिका पाण्याच्या साहाय्यानें चुन्याशीं संयोग पावते आणि त्या संयोगांतून सिमेंटसारखाच बंध निर्माण होतो.

आजची सुरखी म्हणजे औष्णिक वीजकेंद्रांच्या धुराड्यांतून गोळा होणारी बारीक राख. कोराडी, चंद्रपूर, परळी, भुसावळ अशा केंद्रांत तिचे ढीग सांठतात आणि आसपासच्या गांवांना ती उपद्रव देते. हीच राख सिमेंटांत १५ पासून ३५ टक्क्यांपर्यंत मिसळण्यास भारतीय मानकाची संमति आहे. पोलादाच्या कारखान्यांतील मळीची, म्हणजे झोतभट्टीच्या स्लॅगची, मिसळ तर ७० टक्क्यांपर्यंत चालते. जेवढी राख वा मळी अधिक, तेवढें क्लिंकर कमी, आणि तेवढाच वायूही कमी. असें मिश्र सिमेंट बाजारांत सर्रास मिळतें. तें हलक्या प्रतीचें असतें असा समज कित्येक घरांत आढळतो. पण तो चुकीचा आहे. योग्य रीतीनें वापरलें असतां त्याचें काँक्रीट अधिक घन होतें आणि समुद्रकिनाऱ्यावरील खाऱ्या हवेला अधिक दाद देत नाहीं.

अडचण आहे ती निराळीच. मिश्र सिमेंटला पहिल्या दिवसांत बळ सावकाश येतें आणि त्याच्यावर पाणी मारण्याचें काम अधिक दिवस करावें लागतें. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस पाणी द्यावें, तर मिश्र सिमेंटला किमान १० दिवस, असें भारतीय मानक सांगतें. ज्या बांधकामावर कर्जाचें व्याज रोज चढत असतें, तेथें तीन दिवसांचा हा धीरही महाग पडतो. पुढचा स्लॅब लौकर पडावा म्हणून सिमेंट जरुरीपेक्षां अधिक घालण्याकडे कल होतो, आणि शेवटीं पाणी मारण्याचेंच काम अर्धवट राहतें. म्हणजे अनेक ठिकाणीं अधिक वायु सुटतो तो मजबुतीसाठीं नव्हे, घाईसाठीं.

श्रोत्यांच्या मनांत येथें सहज शंका येईल कीं, उद्यां कोळशाचीं वीजकेंद्रें कमी झालीं, तर ही राख आणावयाची कोठून? शास्त्रज्ञांनाही हीच चिंता पडली होती, आणि तिचें उत्तर पुन्हां सुरखीकडेच घेऊन आलें. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील तंत्रसंस्था, क्यूबांतील एक विद्यापीठ आणि भारतांतील आय. आय. टी. सारख्या संस्था यांनीं मिळून एक नवें मिश्रण सिद्ध केलें आहे. त्यांत क्लिंकर सुमारें ५० टक्के, भाजलेली चिकणमाती ३० टक्के, न भाजलेली चुनखडी १५ टक्के आणि जिप्सम ५ टक्के असतें. माती भाजण्यास सातशें-आठशें अंशांची आंच पुरते, आणि तिच्यांतून चुनखडीप्रमाणें कर्बवायु सुटत नाहीं. चिनी मातीच्या भांड्यांना लागते तितकी शुद्ध मातीही यासाठीं लागत नाहीं. या मिश्रणामुळें साध्या सिमेंटच्या मानानें वायु सुमारें ३० ते ४० टक्क्यांनीं कमी होतो. २०२३ सालीं भारतीय मानक संस्थेनें या सिमेंटसाठीं स्वतंत्र मानक प्रसिद्ध केलें, हें या कामांतील महत्त्वाचें पाऊल होय.

परंतु सिमेंट कितीही सुधारलें, तरी जें लागलेंच नाहीं त्या सिमेंटची बरोबरी त्याला करतां येणार नाहीं. हें तत्त्व प्रत्यक्ष भिंतींत आणून दाखविणारा मनुष्य म्हणजे लॉरी बेकर. बेकर यांचा जन्म १९१७ सालीं इंग्लंडांतील बर्मिंगहॅम येथें झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत चीनमध्यें रुग्णसेवा करून परततांना बोटीची वाट पाहत ते मुंबईंत राहिले, आणि तेथें त्यांची महात्मा गांधींशीं भेट झाली. आदर्श घर तें, जें आसपासच्या पांच मैलांत मिळणाऱ्या सामानानें बांधतां येईल, हा गांधीजींचा विचार त्यांच्या मनांत कायमचा ठसला. गांधीजींनीं तो स्वतःच्या राहण्यानें आधींच दाखवून दिला होता. १९३६ सालीं ते वर्ध्याजवळील ज्या खेड्यांत राहावयास गेले, आणि ज्याला पुढें सेवाग्राम हें नांव मिळालें, तेथील त्यांची माती-बांबूची कुटी आजही पाहावयास मिळते.

बेकर पुढें भारतांतच स्थायिक झाले आणि केरळांत त्यांनीं शेंकडों इमारती बांधल्या. तिरुअनंतपुरम् येथील अर्थशास्त्र-संशोधनाच्या संस्थेचें, सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजचें, आवार त्यांपैकीं प्रसिद्ध आहे. त्यांच्या दोन युक्त्या समजण्यास सोप्या आहेत. पहिली भिंतीची. नेहमींच्या नऊ इंची भिंतींत विटा आडव्या निजवितात. बेकर त्या कडेवर उभ्या करून अशा रचीत कीं भिंतीच्या पोटांत मध्यें मध्यें पोकळी राहावी. यामुळें सुमारें एक चतुर्थांश विटा वांचतात, दर्जाही कमी लागतो, आणि पोकळींतील हवेमुळें उन्हाची झळ आंत कमी पोंचते. दुसरी युक्ति स्लॅबची. स्लॅबवर भार पडला असतां त्याचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा भाग ताणला जातो. दाब सोसण्यांत काँक्रीट समर्थ असतें. ताण मात्र सळईच सोसते. म्हणून खालच्या भागांत सळयांच्या मधल्या जागीं बेकर मंगलोरी कौलें बसवीत आणि तेवढें काँक्रीट वांचवीत. भिंतींना ते बहुधा गिलावाही करीत नसत. चांगली वीट झांकून टाकण्याचें त्यांना कारण दिसत नसे. १९९० सालीं त्यांना पद्मश्री मिळाली आणि २००७ सालीं त्यांचें निधन झालें. परंतु त्यांनीं तयार केलेले गवंडी आणि अभियंते यांच्या हातून हें काम पुढें चालूच राहिलें आहे.

महाराष्ट्र आणि गोवा यांनाही या मार्गाची ओळख नाहीं असें नव्हे. कोंकणांत आणि गोव्यांत जांभ्याचा दगड खाणींतून कापून सरळ भिंतींत बसवितात. त्याला भट्टी लागत नाहीं, आणि भट्टी नाहीं तेथें धूरही नाहीं. मराठवाडा-सोलापुराकडील माळवदाचीं घरें जाड मातीच्या छपरामुळें उन्हाळ्यांत थंड राहतात. तथापि जुनें तें सर्व सोनें असें मानण्याचें कारण नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. तेव्हां मातीच्या चिखलांत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील माळवदांचा भार कोसळून हजारों माणसें झोपेंतच दगावलीं. दोष दगडाचा नव्हता. भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते आणि चारी भिंतींना एकत्र धरणारा पट्टा नव्हता. कर्बवायु कमी व्हावा हें इष्ट खरें; पण घर प्रथम आंतील माणसांच्या जीवाची हमी देणारें असलें पाहिजे. थोडें सिमेंट, थोडें पोलाद योग्य जागीं वापरलें, तर स्थानिक दगड-मातीचें घरही भूकंपांत टिकाव धरतें. अल्पकर्ब बांधकामाचा खरा अर्थ सिमेंटवर बहिष्कार घालणें असा नसून, जेथें त्यावांचून चालत नाहीं तेथेंच तें वापरणें असा आहे.

शहरांतील वाचक म्हणेल, हें खेड्यांतील आणि बैठ्या घरांचें ठीक. पण मुंबई-पुण्यांत, जेथें जमिनीचा तुकडा सोन्याच्या भावानें जातो, तेथें काय करावयाचें? जांभ्याच्या दगडानें वीस मजले चढवितां येत नाहींत, हें खरेंच आहे. उंच इमारतीला वाऱ्याचे आणि भूकंपाचे धक्के सोसावयाचे असतात, म्हणून मजले वाढतात तसें दर चौरस फुटामागें लागणारें पोलादही वाढत जातें. परंतु तेथेंही निवड उरतेच. सांगाड्यांत मिश्र सिमेंट वापरतां येतें. भंगार वितळवून केलेलें पोलाद घेतलें, तर झोतभट्टीच्या पोलादापेक्षां वायु बराच कमी सुटतो. आंतील भिंती भाजलेल्या विटांऐवजीं राखेच्या विटांच्या करतां येतात. मोटारींसाठीं खणावयाचीं दोन-तीन तळघरें हीं काँक्रीट गिळणारीं मोठीं विवरें असतात. त्यांतलें एक कमी झालें तरी पुष्कळ साधतें. पश्चिमेकडे सबंध कांचेची भिंत उभी करून मग ती खोली यंत्रानें गार करीत बसण्यापेक्षां, रुंद सज्जा आणि आटोपशीर खिडकी ठेवणें हें मुंबईच्या जुन्या घरांना ठाऊक असलेलें शहाणपण आहे.

शहरापुढील सर्वांत मोठा प्रश्न मात्र नव्या इमारतीचा नाहीं, उभ्या असलेल्या इमारतीचा आहे. जी इमारत बांधून झाली, तिचा वायु एकदां हवेंत जाऊन चुकला. ती पन्नास वर्षें अधिक टिकली, तर तोच खर्च आणखी दोन पिढ्यांच्या उपयोगीं पडतो. ती चाळिसाव्या वर्षीं पाडली, तर सारा हिशोब पुन्हां पहिल्यापासून. मुंबईंत मरीन ड्राइव्हवर १९३० नंतरच्या दशकांत उभ्या राहिलेल्या काँक्रीटच्या इमारती समुद्राच्या तोंडावर असूनही अद्याप नांदत्या आहेत, आणि २०१८ सालीं युनेस्कोनें त्या परिसरास जागतिक वारशाचा मान दिला. उलट त्यांच्या कितीतरी मागाहून बांधलेल्या इमारती जीर्ण म्हणून पाडल्या जात आहेत. काँक्रीट आपण होऊन मरत नाहीं. गच्ची गळते, नळ झिरपतात, पाणी सळईपर्यंत पोंचतें. खाऱ्या हवेंतील क्षार आंत शिरतात. शिवाय हवेंतील कर्बवायु काँक्रीटांत मुरत मुरत त्याचा क्षारधर्म घालवितो आणि सळईचें संरक्षण नाहींसें करतो. मग सळई गंजते, गंज फुगतो आणि वरचें काँक्रीट पोपडे होऊन निखळतें. वेळींच केलेली गच्चीची दुरुस्ती ही या दृष्टीनें पाहतां केवळ घराची निगा नसून हवेचीही निगा आहे.

पण पुनर्विकासाच्या सभेंत हा विचार सहसा निघत नाहीं. सभासदांना मोठी खोली, उद्वाहक, मोटारीला जागा हवी असते; विकासकाला वाढीव चटईक्षेत्र हवें असतें; आणि दोघांच्या व्यवहारांत हवेच्या बाजूनें बोलणारा कोणीच बसलेला नसतो. जी इमारत खरोखर धोक्याची झाली आहे, ती पाडलीच पाहिजे. माणसांच्या जीवाहून कोणतीही काटकसर मोठी नाहीं. तीस वर्षांहून जुन्या इमारतींची तज्ज्ञाकडून तपासणी करून घेणें मुंबईंत कायद्यानें बंधनकारक आहे तें याचसाठीं. परंतु ही तपासणी पाडण्याचा परवाना मिळविण्यासाठींच नव्हे, तर दुरुस्तीनें इमारत किती वर्षें जगेल हें समजण्यासाठींही आहे, याचा बहुधा विसर पडतो. पाडावयाचीच ठरली, तरी जुन्या माणसांची रीत आठवावी. वाडा उतरवीत तेव्हां सागाच्या तुळया, दारें, घडीव दगड हीं सारीं दुसऱ्या घरांत जात. आजच्या काँक्रीटचाही चुरा करून तो फरसबंदीच्या ठोकळ्यांत वापरतां येतो. मात्र त्यासाठीं राडारोडा खाडींत न लोटतां निराळा काढावा लागतो.

हें सर्व पाहावयाचें कोणी? सरकारनें कांहीं पावलें उचललीं आहेत. २०१८ सालीं राहत्या घरांसाठीं इको निवास संहिता निघाली. बाहेरच्या भिंती आणि खिडक्या यांतून घरांत किती उष्णता शिरावी यावर तिनें मर्यादा सुचविल्या. इमारतींना हरित म्हणून तारे आणि पदकें देणाऱ्या संस्थाही आहेत. पण पदक दिसलें म्हणजे समाधान मानणें बरोबर नव्हे. तें पाणी वांचविल्याबद्दल मिळालें, विजेबद्दल मिळालें, कीं बांधकामाच्या मालाबद्दल, हें विचारलें पाहिजे. गच्चीवर सूर्याच्या विजेचे फलक आणि तळाशीं तीन मजल्यांचें काँक्रीटचें तळघर, हीं दोन्ही एकाच जाहिरातींत सुखानें नांदूं शकतात.

येथें एका अलीकडच्या अनुभवाची आठवण उपयोगी पडेल. पूर्वीं घर विकतांना जिना, गच्ची, भिंतींची जाडी असें सारें मिळवून फुगविलेलें क्षेत्रफळ सांगण्याची चाल होती. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें प्रत्यक्ष चटईक्षेत्र सांगणें सक्तीचें केलें, आणि आज साधा गृहस्थही विक्रेत्यापुढें बसतांच प्रथम तोच आंकडा विचारतो. जें मोजलें जातें त्याची विचारणा होते, आणि ज्याची विचारणा होते तें हळूहळू सुधारतें. घराच्या कर्बाचेंही असेंच होऊं शकेल. अभियंत्याजवळ सिमेंट, पोलाद आणि विटा यांचा एकूण हिशोब असतोच, कारण त्याशिवाय माल मागवितां येत नाहीं. त्याला प्रत्येक मालाच्या वायूच्या आंकड्यानें गुणणें एवढेंच काम उरतें.

म्हणून घर घेऊं इच्छिणाऱ्या कुटुंबानें, किंवा पुनर्विकासाच्या सभेस बसलेल्या सभासदांनीं, चार प्रश्न न संकोचतां विचारावे. ही इमारत दुरुस्त होण्यासारखी आहे काय, आणि तसें तज्ज्ञानें लिहून दिलें आहे काय? नव्या बांधकामांत कोणतें सिमेंट वापरणार, आणि त्याला पाणी किती दिवस देणार? तळघरें खरोखर किती लागतात? आणि पश्चिमेचें ऊन अडविण्यासाठीं भिंतीला काय केलें आहे? यांतील एकाही प्रश्नासाठीं रसायनशास्त्राची पदवी लागत नाहीं. पण हे प्रश्न करार होण्यापूर्वींच विचारले पाहिजेत. स्लॅब पडल्यानंतर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळेल, परंतु वायु परत येणार नाहीं.

वास्तुशांतीच्या दिवशीं यजमान घराच्या देवतेकडे मागणें मागतो तें स्वतःपुरतें नसतें. या घरांत पुढें जे नांदतील त्या सर्वांना तें सुखाचें व्हावें, असा त्याचा भाव असतो. होमाच्या धुरानें डोळ्यांना पाणी येतें तें घटकाभरच. खिडकी उघडली कीं तें सरतें. आधींच निघून गेलेल्या धुराची झळ लागते ती पुढच्यांना, आणि तो किती असावा हें ठरतें भूमिपूजनापूर्वीं, नकाशावर सही होते त्या दिवशीं.